शंभरातून किती

अमरावतीकडच्या मालेगावला मी ज्या घरात तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराचा जिना लोखंडी होता. पत्र्याच्या एकोणीस पायऱ्या आणि एका बाजूला पाइपचा कठडा. कुणीही चढलं तरी घरभर कळायचं. राहायला गेले तेव्हा मला खुपलेली ती एकच गोष्ट. माझं येणंजाणं दुसऱ्याला कळलेलं मला आवडत नाही. आता अमरावतीच्या आमच्या इमारतीत गुळगुळीत फरशीचा जिना आहे. पावलांचा आवाज होत नाही. तरी चढताना मी कान देऊन ऐकत असते.

घरमालक कृषी खात्यातून निवृत्त झालेले. बियाण्याची उगवण तपासणं हे त्यांचं काम होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नव्हतं. एप्रिल लागला की मेडशीकडचे, आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी घरचं सोयाबीन पिशवीत घालून त्यांच्याकडे यायचे. काका पिशवीत हात घालून, न निवडता, शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचे, सैलसर गुंडाळी करायची आणि दोन्ही टोकांना सुतळी बांधायची. मग ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी उघडायची. सत्तरच्या वर उगवले तर पेरा, नाहीतर दुसरं बघा.

ही मोजदाद गोणपाटापुरती राहिली असती तर त्यांना गावात कुणी वेगळं म्हटलं नसतं. पण काका सगळ्याच गोष्टींना शंभरातून आकडा द्यायचे. सकाळची मेडशीची एसटी 'त्रेसष्ट' होती, म्हणजे शंभर दिवसांतून तेवढे दिवस वेळेवर. समोरच्या न्हाव्याचा हात 'शहात्तर'. सरपंचाचं भाषण ऐकून आले की दारातूनच आकडा सांगायचे, आणि तो बहुधा सत्तरच्या खाली असायचा.

"आजची भाजी चौऱ्याऐंशी," ते जेवताना म्हणायचे.

"मंग उरलेली सोळा उद्या खाजा," काकू म्हणायच्या.

शंभर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. "शंभर आले त समजायचं, मोजणारा चुकला," असं ते म्हणायचे.

माझी अडचण वेगळीच होती. माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी शाळेत झालं आणि मालेगावलाही मी इंग्रजी शाळेतच विज्ञान शिकवायला आले होते. मराठी वाचता येतं, पण आकडे पन्नासच्या पुढे गेले की मी हरवते. काका 'एकोणऐंशी' म्हणाले की मी मान हलवायची आणि जिना चढता चढता हे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन ते ठरवत बसायची. एक दिवस त्यांनी पकडलं.

"समजलं काय मॅडम?"

"हो."

"किती?"

मी जिन्याकडे पाहिलं.

"सेव्हन्टी नाइन," ते रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मास्तरीण हाये ना तू? पोट्टे काय शिकत असतीन माय." त्यानंतर प्रत्येक आकड्यापुढे ते इंग्रजी जोडायला लागले. मला लाज वाटायची, आणि सोयही व्हायची.

मी स्कूटीवरून पडले ती दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात. आमच्याकडे त्या दिवसांत लोक सोयाबीन कापून डांबरी रस्त्यावर वाळत घालतात, गाड्या वरून गेल्या की आपोआप मळणी होते. मला ते माहीत होतं. तरी वळणावर चाक घसरलं आणि डावा गुडघा सगळा भार घेऊन रस्त्यावर आपटला. वरून फक्त खरचटलं होतं. मी उठले, ओढणीनं हात पुसले, शाळेत जाऊन चार तास घेतले आणि कुणाला काही सांगितलं नाही. आईलाही नाही.

चार दिवसांनी जिन्याच्या पायथ्याशी काका उभे.

"डाव्या पायाले काय झालं?"

"काही नाही."

"डावा हळू वाजून राह्यला. आधी दोन्ही सारखे वाजत होते. टोंगळ्याचं काम हाये हे."

टोंगळा म्हणजे गुडघा हे मला तेव्हा कळलं. मी 'ठीक आहे' म्हणून वर गेले. वर जाताना डावा पाय मुद्दाम जोरात टाकला. खालून आवाज आला, "मले फसवून काय करशीन? डॉक्टरले फसव."

फसवायचं कारण होतं. कॉलेजात मी आठशे मीटर धावायची. जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही, पण रोज पहाटे धावायची. मालेगावलाही मेडशीच्या रस्त्यानं दिवस उजाडताना धावून यायची. लोकांत बसलं की मला बोलायला काही सुचत नाही. धावताना बोलावं लागत नाही आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही. तेवढी एक जागा माझी होती. गुडघा दाखवला आणि डॉक्टरांनी 'आता विसरा' म्हटलं तर काय, या भीतीनं मी सहा महिने पट्टा बांधून काढले.

एप्रिलमध्ये गुडघा वाकवलेल्या अवस्थेत अडकायला लागला, तेव्हा मी नागपूरला गेले. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मांडीच्या हाडाच्या टोकावर पांढरी, गुळगुळीत कूर्चा असते, तिलाच लोक गादी म्हणतात. माझ्या गादीचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा निघून गेला होता. ही गादी आपण होऊन पुन्हा नीट भरून येत नाही. पण माझं वय कमी होतं आणि बाकीचा गुडघा चांगला होता. म्हणून त्यांनी दोन टप्प्यांचा उपाय सांगितला. आधी दुर्बिणीतून, जिथे भार पडत नाही अशा कडेची चिमूटभर कूर्चा काढायची. प्रयोगशाळेत तिच्या पेशी काही आठवडे वाढवायच्या. मग दुसऱ्यांदा गुडघा उघडून त्या वाढलेल्या पेशी खड्ड्यात बसवायच्या. त्यानंतर सहा आठवडे पायावर भार नाही, आणि धावायचं नाव वर्षभर नाही.

हे मी आईच्या आधी काकांना सांगितलं. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. ते गोणपाट पिळत बसले होते, मी पायरीवर बसले आणि मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. एका बैठकीत मी इतकं बोलले याचं काकूंना जास्त नवल वाटलं.

काकांनी गोणपाट खाली ठेवलं. "म्हणजे बियाणं घरचंच."

"हो. माझंच."

"मंग भेव नाई. इकतचं असतं त ईचार केला असता." मग म्हणाले, "पण थो तुकडा प्रयोगशाळेत जाते कसा?"

"नेत असतील."

"असतीन नाई. ईचार."

सोयाबीनचं साल पातळ असतं. पोतं उंचावरून टाकलं तरी आतला कोंब मरतो आणि वरून दाणा तसाच चकचकीत दिसतो. लोकांना हे सांगण्यात काकांची सगळी नोकरी सरली होती. त्यांनी माझ्याकडून दवाखान्यात फोन लावून घेतला आणि तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी मालेगावहून बोलून राह्यलो. आमच्या मॅडमचा तुकडा एसटीच्या टपावर त नाई ना टाकत तुमी?"

पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की थंड डब्यात ठेवून माणूस हातात घेऊन जातो.

"आपटत नाई ना थो माणूस?"

"नाही काका."

"मंग जमलं."

पुढच्या खेपेला त्यांनी मला बजावून पाठवलं, डॉक्टरले ईचार, शंभरातून किती. मी विचारणार नव्हते, पण विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, काहींना पडत नाही. तुमच्या गुडघ्याचं मला वर्षानंतर कळेल." मी हे भीतभीतच काकांना सांगितलं. त्यांना डॉक्टर एकदम आवडले. "आधी आकडा सांगत नाई ना? मंग माणूस खरा हाये."

मे महिन्यात पहिली शस्त्रक्रिया झाली. सुट्टी होती, पण मी आठवड्याभरात मालेगावला परत आले. अमरावतीला घरी आईचं रडणं मला झेपत नव्हतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल्या गुंडाळ्यांची रांग होती, प्रत्येकीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. त्यातल्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मॅडम'.

"हे काय?"

"तुया तुकडा नागपूरले उगवून राह्यला. इथं बी उगवू दे," काका म्हणाले.

"मी आंगोळ करू का ह्या मॅडमची राखण करू?" काकू आतून म्हणाल्या.

पेशींना कित्येक आठवडे लागणार होते आणि सोयाबीनला आठ दिवस, म्हणून काका दर आठवड्याला माझ्या नावाची नवी गुंडाळी लावायचे. पहिल्या खेपेला एक्क्याऐंशी आले. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या वेळी त्यांनी गुंडाळी उघडली, मोजलं, परत मोजलं आणि उठून गेले. दुपारी जेवले नाहीत.

काकू जिन्याखाली आल्या. "बाई, तुय्या टोंगळ्यापायी हे उपाशी बसून हायेत."

मी विज्ञान शिकवते. मेडशीच्या सोयाबीनचा आणि माझ्या गुडघ्याचा काही संबंध नाही, हे मला नववीच्या मुलांना पटवून देता आलं असतं. तरी मी एका पायावर भार देत एकोणीस पायऱ्या उतरून गेले आणि विचारलं, "किती?"

"एकसष्ट. सिक्स्टी वन."

"मग बियाणं बदला ना."

"बियाणं नाई बदलत. बियाणं चांगलंच हाये. पाणी जास्त झालं होतं, थे मायी चूक." त्यांनी त्याच पिशवीतून पुन्हा शंभर दाणे काढले. पुढच्या खेपेला त्र्याऐंशी आले आणि त्या दिवशी काकूंच्या वरणाला अठ्ठ्याऐंशी मिळाले.

पेरणीच्या तोंडावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. गुडघ्यावर लांब टाका आणि पाय आपोआप वाकवणारं, सरळ करणारं एक यंत्र, असे दिवस मी अमरावतीला काढले. सप्टेंबरात हातात काठी घेऊन मालेगावला आले, तर खालची खोली रिकामी होती. ती काकांची बियाण्याची खोली. पस्तीस वर्षांच्या बरण्या, वजनकाटा, गोणपाटं, सगळं त्यांनी वर माझ्या खोलीत नेऊन ठेवलं होतं आणि माझी कॉट खाली आणली होती.

"तुम्ही रोज वर चढणार?"

"मायी गादी सरकारी हाये. चालते."

जानेवारीपर्यंत गुडघ्यातली कळ पूर्ण गेली. मला वाटलं, झालं. फिजिओथेरपिस्ट सांगत होत्या, की पेशी बसल्या तरी त्यांची गादी घट्ट व्हायला बराच काळ लागतो आणि दुखणं आधीच थांबतं. मी 'हो' म्हणायची. मी सगळ्यांना 'हो' म्हणते.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनानंतर शिक्षकांची शंभर मीटरची शर्यत ठेवली होती. ऑपरेशनबद्दल शाळेत मी 'पायाचं छोटं काम' एवढंच सांगितलं होतं. मुख्याध्यापिकांनी नाव घेतलं आणि मी नाही म्हटलं नाही. खरं म्हणजे मला नाही म्हणायचंच नव्हतं. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला गुंडाळली आणि चुन्याच्या रेघेवर उभी राहिले. पंधरा महिन्यांनी मी रेघेवर उभी होते. तळव्याखाली गार माती लागत होती.

काका दरवर्षी झेंडावंदनाला यायचे. गर्दीतून ते निघाले, मैदानात आले आणि माझ्या पट्ट्यात, माझ्यापासून चार हातांवर, मांडी घालून बसले.

"काका, उठा," मी हळूच म्हटलं.

"नाई उठत."

"सगळे बघताहेत."

"पाहू दे. माह्या वरून जाय तुले जायचं त."

मुलं हसायला लागली. शिट्टी तोंडात धरून सर थांबले होते. काका बसल्या बसल्या मुख्याध्यापिकांना मोठ्यानं सांगू लागले, की या पोरीच्या टोंगळ्यात नवं बियाणं पेरलं हाये, सात महिने झाले, अन् तुमी तिले त्यावरून पळवून राह्यले. इतके महिने शाळेत कुणालाही न कळू दिलेली गोष्ट पाच मिनिटांत आख्ख्या शाळेला कळली. मी चपला हातात घेऊन वर्गात जाऊन बसले. शर्यत माझ्याशिवाय झाली.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. खालच्याच खोलीत राहत होते, तरी. ते दारावरून जाताना खाकरायचे, मी वहीत डोकं घालायची. दहाएक दिवसांनी काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या कॉटवर बसल्या.

"त्यायचा भाऊ मेडशीले हाये, माहीत हाये काय तुले?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या दिवसांत कुणी भाऊ आलेला मी पाहिला नव्हता.

"येत नाई थो. येक साल त्यायनं भावाचं बियाणं लावलं होतं तपासाले. भाऊ घाई करून राह्यला होता, पेरणी निघून चालली म्हणे. यायनं तिसऱ्याच दिवशी गुंडाळी उघडली. पांढरे पांढरे कोंब दिसले. पेर म्हटलं. पेरलं त्यानं. वर काईच नाई आलं. वावर तसंच उघडं." काकूंनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "कोंब त कमजोर दाण्याले बी येते बाई. आठ दिवस ठेवला असता त समजलं असतं. भाऊ भांडला बी नाई. फक्त पुढच्या साली बियाणं दुसऱ्याकडे घेऊन गेला. थे जास्त लागलं यायले."

मी चहा संपवला.

एप्रिलमध्ये पहिली पिशवी आली त्या दिवशी मी खुर्ची ओढून काकांच्या समोर बसले आणि दाणे मोजायला घेतले. मराठीत, मोठ्यानं. एकोणसाठच्या जागी एकोणपन्नास म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत दुरुस्त केलं. एकोणनव्वदला पुन्हा अडकले. तेव्हा ते म्हणाले, "याच्यात इंग्लिशचाच दोष हाये," आणि आमचं बोलणं सुरू झालं. त्या हंगामात मी किती शंभर दाणे मोजले कोण जाणे.

वर्ष झाल्यावर नागपूरला पुन्हा तपासलं. खड्डा भरला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू धावायला हरकत नाही. मी वरच्या खोलीत परत गेले आणि बरण्या खाली आल्या. पहाटे मेडशीच्या रस्त्यानं आधी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर धावले, मग तीन खांबांचं. परत आले की काका जिन्याच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेले असायचे, एक हात कठड्यावर. वय झालंय, आधाराला धरत असतील, असं मला वाटायचं.

"किती?" मी दर वेळी विचारायची. ते उत्तर द्यायचेच असं नाही. दिलं तर म्हणायचे, "आखीन महिनाभर जाऊ दे." त्यांचा आकडा मिळाल्याशिवाय माझ्या मनात गुडघा बरा झाला नव्हता. डॉक्टरांचा कागद कपाटात होता, पण तो गुडघ्याचा होता. चालण्याचं काकांनाच कळायचं.

दिवाळीनंतर मला अमरावतीच्या शाळेत जागा मिळाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत गेलं होतं, वर एक बॅग राहिली होती. काका स्टुलावर होते. मी नेहमीसारखी चढले. वरून वाकून विचारलं, "काका, आज तरी सांगा. किती?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा ओरडून विचारलं. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोणाले ईचारतं बाई? त्यायले ऐकू कुठं येते. वरीस होऊन गेलं."

"मग पायऱ्यांचं कसं..."

"थो हात पाह्य ना."

काकांचा पंजा कठड्याच्या पाइपवर सपाट टेकलेला होता. डॉक्टर छातीला नळी लावतात तसा, हलका. डोळे मिटलेले होते. सव्वीस जानेवारीला मी त्यांना मैदानात हळूच जे म्हटलं, त्यातलं त्यांना काय ऐकू आलं असेल, असा विचार माझ्या मनात आला.

मी बॅग उचलली आणि उतरायला लागले. चढताना मला आता काही जाणवत नाही. उतरताना डावा पाय अजून पायरीला विचारून पडतो, फार थोडा. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. शेवटच्या पायरीवर मी पोचले तेव्हा काकांनी हात उचलला आणि डोळे उघडले.

"ब्याण्णव," ते म्हणाले. आणि सवयीनं पुढचं इंग्रजी म्हणायला तोंड उघडलं, पण मी हातानंच नको म्हटलं. मला कळलं होतं.

"आठ कापलेच शेवटी," मी काकूंना म्हटलं.

"तुयं बरं हाये," काकू शेंगा फोडत म्हणाल्या. "मले त चाळीस सालात अठ्ठ्याऐंशीच्या वर नाई देले."